मराठी संस्थळांचे हौशी दिवाळी अंक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायबोली, मनोगत, मिसळपाव, उपक्रम, ऐसी अक्षरे. ही मराठीत लिहिण्या-बोलण्यासाठीची संकेतस्थळं, आमच्या भाषेत संस्थळं. या संस्थळांवरच्या लोकांनी एकत्र येऊन हौसेनं दिवाळी अंक काढले. त्यातल्या काही अंकांच्या संपादनात मी होते. जुने लेखक, नवे वाचक आणि अलीकडे मराठीचे विद्यार्थीही या अंकांबद्दल विचारत असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

संस्थळावर लेख रोजच येत होते. मग वेगळा अंक कशाला?

रोजच्या लेखनाला कुणासाठी थांबावं लागत नव्हतं. लिहिलं, टिचकी मारली, चहा होईपर्यंत पहिला प्रतिसाद आलेला असायचा. अंकाचं तसं नव्हतं. लेख पाठवायचा, तो दोघातिघांनी वाचायचा, शंका कळवायच्या, मग लेखकानं पुन्हा बसायचं. एरवी एका बैठकीत लेख हातावेगळा करणारी माणसं अंकासाठी तोच लेख तीनदा-चारदा लिहायची, आणि तेही आनंदानं.

माझ्या मते या अंकांची खरी कमाई हीच. लेखक आणि संपादक यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, त्यातून कितीतरी माणसं लिहायला शिकली. हा पत्रव्यवहार वाचकांना कधीच दिसला नाही, म्हणून त्याबद्दल पुढे जरा सविस्तर लिहिलं आहे.

दिवाळीच का? वर्षभर मासिक का नाही काढलं?

मराठी माणसाला 'अंक' म्हटलं की दिवाळीच आठवते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक असणं हा आपल्या सणाचाच भाग झाला. संस्थळांवर लिहिणाऱ्यांत परदेशी राहणारे बरेच होते. त्यांच्याकडे छापील अंक टपालानं पोचेपर्यंत तुळशीचं लग्नही उरकलेलं असायचं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पुण्यात, दुबईत आणि शिकागोत एकच अंक एकाच वेळी उघडता येणं ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती.

दुसरं कारण साधं आहे. नोकरी-संसार सांभाळून वर्षातून एकदा दोन-तीन महिने जीव ओतून काम करता येतं. दर महिन्याला नाही.

ही परंपरा कुठली? पन्नास-साठच्या दशकांतल्या अनियतकालिकांशी याचं नातं आहे का?

थोडं आहे. 'शब्द', 'असो', 'वाचा' अशी अनियतकालिकं, म्हणजे ठरावीक मुदतीशिवाय जमेल तशी निघणारी छोटी नियतकालिकं, लेखकांनी पदरमोड करून काढली, काही तर छापखान्याऐवजी सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढून. स्वतःच संपादक, स्वतःच हमाल, हा भाग दोन्हीकडे सारखा. पण अनियतकालिकांच्या मुळाशी बंड होतं. प्रस्थापित मासिकं आणि त्यांची अभिरुची त्यांना मान्य नव्हती. ऑनलाइन अंक काढणाऱ्यांचं छापील दिवाळी अंकांशी असं भांडण नव्हतं. लहानपणी वाचनालयात नंबर लावून वाचलेल्या अंकांवर त्यांचं प्रेम होतं आणि तसाच एक अंक आपल्या हातून व्हावा असं वाटत होतं. मला ते शाळा-कॉलेजच्या हस्तलिखितांच्या जास्त जवळचे वाटतात. वळणदार अक्षराचा एक जण, चित्रकलेत बरा असलेला एक जण, आणि सगळ्यांच्या मागे लागून मजकूर गोळा करणारी एक मुलगी, एवढ्या भांडवलावर हस्तलिखित निघायचं. इथंही तेच झालं.

सुरुवातीच्या काळात देवनागरी लिहीत कसे होते?

हा प्रश्न विशीतली मुलं विचारतात तेव्हा मला बरं वाटतं, कारण आता फोनवर बोटानं मराठी लिहिताना ही खटपट कुणाला आठवत नाही.

मायबोली सुरू झाली १९९६ साली. त्या वेळी देवनागरीचा प्रत्येक फॉन्ट आपापल्या पद्धतीनं चालायचा. पडद्यावर 'क' दिसत असला तरी संगणकाच्या लेखी ते एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असायचं. वाचणाऱ्याकडे नेमका तोच फॉन्ट नसेल तर कवितेच्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांची रांग. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक असलेली देवनागरी, नीट दिसू लागली. विंडोज एक्सपीत ती सोय सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी हाताशी लागे. ऑफिसच्या संगणकावर सीडी कोण देणार? त्यामुळे 'मराठी दिसण्यासाठी काय करावे' हे पान संस्थळांवर सगळ्यात जास्त लागणारं पान होतं. मनोगत २००४ साली आणि मिसळपाव, उपक्रम २००७ साली सुरू झाले तोवर युनिकोड रुळलं होतं. रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवण्याची सोय थेट पानातच आली आणि लिहिणाऱ्यांची संख्या एकदम वाढली.

अंकाचं काम कसं चालायचं?

गणपतीच्या आसपास आवाहन, नवरात्राच्या आधी लेख स्वीकारणं बंद, दसऱ्यानंतर फक्त मुद्रितशोधन आणि मांडणी. दिवाळी पुढेमागे होते त्याप्रमाणे हे गणित हलायचं. २००९ साली लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला आलं. २०१२ साली अधिक भाद्रपद होता, तेव्हा थेट १३ नोव्हेंबरला. लवकरची दिवाळी म्हणजे संपादकांची तारांबळ.

मंडळात लोक निरनिराळ्या देशांतले असायचे आणि त्याचा फायदाच व्हायचा. पुण्यातला संपादक रात्री दहाला लेखावर आपल्या खुणा करून झोपायला जायचा, तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळचे साडेनऊ वाजलेले असायचे. तिथली मुद्रितशोधक तो लेख उचलायची. पुणेकर सकाळी उठेपर्यंत लेख तपासून तयार. काम रात्रंदिवस चालू असायचं आणि तरी कुणाला जागरण नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र सगळेच जागायचे.

मानधन मिळायचं का?

नाही. लेखकाला नाही, संपादकाला नाही, चित्रकारालाही नाही. श्रेयनामावलीत नाव यायचं, तेही बहुतेकदा टोपणनाव.

लेख नाकारले जायचे का?

जायचे, आणि हे सगळ्यात अवघड काम होतं. छापील मासिकाचा संपादक पुष्कळदा लेखकाला ओळखत नसतो. इथं नाकारायचा लेख अशा माणसाचा असायचा ज्याच्याशी आपण वर्षभर रोज बोलतो, ज्याच्या मुलाच्या दहावीच्या निकालाची बातमी आपल्याला ठाऊक असते. अंकात जागेची अडचण नसते, पानं वाढवली तर कागद लागत नाही, मग माझाच लेख का नको, असा प्रश्न यायचा. आणि तो रास्तच होता. आमचं उत्तर एवढंच असायचं की वाचकाला वेळ मर्यादित असतो. चाळीस लेखांतले पंधरा कच्चे असले तर उरलेले पंचवीसही कुणी वाचत नाही.

काही अंकांनी आलेलं सगळं घेतलं, काहींनी कडक निवड केली. उपक्रमचा भर माहितीपर लेखनावर होता, त्यामुळे तिथं तपासणी संदर्भांची आणि तर्काची. ऐसी अक्षरे २०११ साली सुरू झालं. तिथं विषय ठरवून लेख मागवायची पद्धत रुजली. मिसळपाववर मोकळेपणा जास्त. मला स्वतःला कडक निवडीचे अंक आज जास्त वाचावेसे वाटतात. पण सगळ्यांना सामावून घेणाऱ्या अंकांमुळे ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं, ती माणसंही मी पाहिली आहेत, आणि ती संधी कुणी त्यांच्यापासून काढून घ्यायला हवी होती असं मला वाटत नाही.

संपादन म्हणजे शुद्धलेखन तपासणं एवढंच ना?

बहुतेकांचा हाच समज असतो. म्हणून एक उदाहरण देते.

परदेशात राहणाऱ्या एका लेखकाची कथा आली होती. गावचं वडिलोपार्जित घर विकलं जातं, हा विषय. विषय नेहमीचाच, आणि कथाभर अश्रू, हुंदके, गलबलून येणं. पण मध्येच एक ओळ होती : घराच्या किल्ल्या देण्याआधी आजोबांनी विजेच्या मीटरचं रीडिंग लिहून घेतलं. बस, पुढच्या ओळीत पुन्हा हुंदके. आमच्यातल्या एकीनं लेखकाला लिहिलं, "घर सुटल्याचं दुःख तुम्ही चार वेळा सांगितलं आहे आणि मीटरचा प्रसंग एका ओळीत उरकला आहे. आम्हाला तो प्रसंग वाचायचा आहे." पंधरा दिवसांनी कथा परत आली. आजोबा स्टुलावर चढतात, चष्मा कपाळावर सरकवून आकडे वाचतात, नातू ते कालनिर्णयच्या पानामागं उतरवून घेतो. आपण वापरलेल्या युनिटांचे पैसे नव्या मालकाच्या माथी बसू नयेत म्हणून. हुंदके सगळे गेले होते. कुणी काढायला सांगितले नव्हते, लेखकालाच ते नकोसे झाले.

हे संपादन. एका ओळीवर बोट ठेवणं, आणि लेखकावर विश्वास ठेवून वाट बघणं.

शुद्धलेखनाचं कामही मोठं होतंच. साहित्य महामंडळाचे अठरा नियम समोर ठेवून 'कि'चं 'की' करायचं, 'कवी' दीर्घ पण 'कविमन' ऱ्हस्व हे पुन:पुन्हा सांगायचं. मनोगतनं शुद्धिचिकित्सक, म्हणजे चुकीचे शब्द दाखवणारी सोय, दिली, त्याची फार मदत झाली. पण पात्रांच्या तोंडच्या बोलीला हात लावायचा नाही, हे आम्ही पहिल्यापासून ठरवलं होतं. कोल्हापूरकडचा माणूस "काय करालायस?" म्हणणार आणि वऱ्हाडातली बाई "काहून?" विचारणार. ते 'दुरुस्त' करणारा उत्साही मुद्रितशोधक दर वर्षी एखादा निघायचाच. त्याला आधी समजावून घ्यावं लागे.

इतके जण टोपणनावानं का लिहायचे?

कारणं वेगवेगळी. कुणी सरकारी नोकरीत, कुणाला सासरी कळू द्यायचं नव्हतं, कुणाला आपल्या शिक्षणाचा किंवा आडनावाचा शिक्का लेखनावर नको होता. आडनावावरून गाव आणि जात ओळखण्याची सवय आपल्याकडे मुरलेली आहे. टोपणनावामुळे लेख आधी वाचला जायचा, माणसाबद्दलचं कुतूहल नंतर. स्त्रियांनी या आडोशानं जे लिहिलं, विशेषतः नोकरी, लग्न आणि शरीर याबद्दल, ते त्या काळच्या छापील अंकांत मला तितक्या मोकळेपणानं आढळलं नाही.

दर्जा खरंच चांगला होता का, की आता जुनं म्हणून गोड वाटतं?

कविता आणि कथा बऱ्याचदा मध्यम होत्या. काही उत्तम होत्या, पण त्या शोधाव्या लागतात. अनुभवपर लेखन मात्र अव्वल. आपल्या धंद्याचं, प्रयोगशाळेचं, बोटीवरच्या नोकरीचं, शेतीचं, परक्या देशातल्या बाळंतपणाचं लेखन ज्यांनी केलं ते कुणी साहित्यिक नव्हते आणि छापील संपादकांच्या ओळखीतलेही नव्हते. एखादा भूगर्भशास्त्रज्ञ सह्याद्रीच्या दगडाबद्दल मराठीत मोकळेपणानं लिहितो, आणि संपादक त्याच्याकडून प्रत्येक पारिभाषिक शब्द सोपा करून घेतो, असं लेखन मराठीत एरवी फार होत नाही. नव्यानं वाचायला सुरुवात करणार असाल तर आधी या लेखांकडे जा. कथा-कविता नंतर.

जुन्या अंकातला लेख मला आठवतो, पण शब्द टाकून शोधला तर सापडत नाही. असं का?

बहुधा अक्षरं पडद्यावर सारखी दिसतात पण आत वेगळी साठवलेली असतात म्हणून. दोन नेहमीची उदाहरणं.

'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी कुणी 'अ'वर चंद्र द्यायचं, कुणी हिंदी पद्धतीचा 'ऍ' वापरायचं. म्हणजे 'ॲसिड' हा शब्द जुन्या अंकांत तीन तऱ्हांनी असू शकतो. आणि हा 'तऱ्हा'सुद्धा तसलाच : यातला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारा जोडकाम करणारा वर्ण. डोळ्यांना फरक कळत नाही, शोधयंत्राला कळतो. त्यामुळे 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द शोधायला वापरू नका. शीर्षकातला एखादा निर्धोक शब्द घ्या, सोबत संस्थळाचं नाव आणि वर्ष टाका.

अंक उघडतो, पण चित्रं दिसत नाहीत आणि आवाज ऐकू येत नाही.

चित्रं पुष्कळदा अंकाच्या जागेवर नव्हतीच. जागा वाचवायची म्हणून लोक पिकासा या गूगलच्या छायाचित्र-सेवेतल्या अल्बममध्ये छायाचित्रं ठेवायचे आणि अंकात नुसता दुवा द्यायचे. पिकासा २०१६ साली बंद झालं. फोटोबकेट या तशाच दुसऱ्या सेवेनं २०१७ साली फुकट खात्यातली चित्रं दुसरीकडे दाखवणं थांबवलं. अभिवाचनाच्या ध्वनिफिती ज्या अंकांनी फ्लॅश या ब्राउझरमधल्या जोडप्रणालीतून वाजवल्या, त्या २०२० अखेर फ्लॅशचा आधार संपल्यावर मुक्या झाल्या. मूळ फाइल कुणाच्या तरी जुन्या संगणकात असेल तरच त्या परत मिळतील. तुमच्याकडे असतील तर कृपया त्या संगणकाची विल्हेवाट लावण्याआधी बघा.

या अंकांतल्या लेखनाचे हक्क कोणाचे?

लेखकाचे. प्रताधिकार कायदा १९५७ प्रमाणे लेखनाचा पहिला मालक लेखकच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. त्या लेखी करारात मुदत घातली नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश सांगितला नसेल तर फक्त भारत. हौशी अंकांत असे करार सहसा झालेच नाहीत. लेख पाठवला म्हणजे अंकात छापायची परवानगी, इतकंच. म्हणून एखाद्या अंकातले निवडक लेख घेऊन पुस्तक काढायचं असेल तर प्रत्येक लेखकाला विचारायला हवं.

इथं टोपणनावांची अडचण येते. लेखकाच्या नावानं असलेलं लेखन त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षित असतं. टोपणनावाच्या लेखनाचे ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. त्या मुदतीत खरं नाव जाहीर झालं तर मग मृत्यूपासून. तेव्हा ज्यांना आपलं नाव आता उघड करायला हरकत नाही त्यांनी ते कुठेतरी लिहून ठेवावं. निदान घरच्यांना सांगून ठेवावं. वारसांना माहीतच नसेल की 'ती' कथा आपल्या आईची, तर परवानगी कुणाकडे मागायची?

असे अंक कमी का झाले?

फेसबुक आणि व्हॉट्सॲपमुळे, असं सगळे म्हणतात. ते खरंही आहे : लिहिल्याबरोबर दाद मिळत असताना दोन महिने थांबायला मन तयार होत नाही. पण मला वाटतं आधी संपादक दमले. लेखक नवे येत राहिले. मुद्रितशोधन करणारी, लेखकांना लांबलचक पत्रं लिहिणारी माणसं मात्र तीच ती राहिली. तिशीतली माणसं पंचेचाळिशीला आली, घरात आजारपणं आली. संपादन शिकवायची काही सोय आम्ही केली नव्हती. लिहायला शिकवणाऱ्या कार्यशाळा मराठीत ठिकठिकाणी होतात, संपादनाच्या क्वचित.

आज असा अंक काढायचा असेल तर?

जरूर काढा. आधी दोन चांगले संपादक मिळवा, लेखक आपोआप येतात. लेख पंचविसाच्या आत ठेवा. प्रत्येक लेखकाला निदान एक सविस्तर पत्र जायलाच हवं, लेख घेतलात तरी आणि नाकारलात तरी. प्रताधिकाराबद्दल चार ओळींचा मजकूर सुरुवातीलाच लेखकाकडून मान्य करून घ्या. चित्रं आणि आवाज अंकाच्याच जागेवर ठेवा. नुसती पीडीएफ काढू नका : देवनागरी पीडीएफमधून मजकूर उतरवला की वेलांट्या-मात्रा पुष्कळदा विस्कटतात, मग तो मजकूर शोधता येत नाही आणि पुन्हा वापरताही येत नाही. साध्या युनिकोड मजकुराची एक प्रत नेहमी वेगळी ठेवा.

माझा स्वतःचा जुना लेख वाचवायचा आहे. काय करू?

पान अजून उघडत असेल तर आजच मजकूर उतरवून घ्या, खालच्या प्रतिसादांसकट. प्रतिसादांत कित्येकदा लेखाइतकीच माहिती असते. मग वेबॅक मशीन या, जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्या पानाचा पत्ता देऊन त्याची प्रत साठवा. ही सोय २०१३ पासून कुणालाही फुकट वापरता येते. पान उघडतच नसेल तर तोच पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाकून बघा, कुणीतरी आधी साठवलेलं असू शकतं. पत्ता आठवत नसेल तर अंकाच्या अनुक्रमणिकेपासून सुरुवात करा, कारण अनुक्रमणिकेची पानं आतल्या पानांपेक्षा जास्त वेळा साठवली गेलेली असतात.

आणि संपादकांशी झालेला पत्रव्यवहार तुमच्या जुन्या ईमेलमध्ये असेल तर तोही ठेवा. पहिला खर्डा, आलेल्या सूचना आणि छापलेला लेख असे तिन्ही टप्पे एकत्र मिळाले तर मला जरूर कळवा. मी ते जमवते आहे.